काळी एक

“पण बुवा, एका कामाचे दोन कर्ते कसे असतील?”

श्रीरंग हसबनीसनं हे पुन्हा विचारलं. जनूबुवा ओवरीत चटईवर बसून तगरीची फुलं ओवत होते.

“तुम्हीच सांगा. नाटकाला संगीतकार एकच असतो की नाही?”

“असतो.”

“मग?”

“मग काय?”

“मग ते पद काढायला हवं.”

बुवांनी एक फूल सुईपाशी नेलं, त्याचा देठ पाहिला आणि ते बाजूला ठेवलं. दुसरं घेतलं…

जनूबुवा एके काळी संगीत नाटकांत गात. गळा पन्नाशीच्या आतच गेला. का गेला, ते कुणी विचारलं नाही; गाणाऱ्यांचे गळे जातात. मग ते कृष्णाकाठच्या एका गावी दत्ताच्या देवळामागच्या ओवरीत येऊन राहिले आणि शिकवू लागले. सोबत धाकटी बहीण गोदाक्का. श्रीरंग हा त्यांचा जुना शिष्य. दिगंबर केसरकर त्याच्या मागून आलेला.

श्रीरंगानं आता मराठीत ऑपेरा केला होता. म्हणजे बोलणं नाहीच. पहिल्या शब्दापासून पडदा पडेपर्यंत सगळं गाणं. नाव ‘पूल’. नदीवर पूल होतो आणि गावच्या नावाड्याचं काम संपतं, एवढीच गोष्ट. शब्द मंजूषा काळसेकरचे. चाली श्रीरंगाच्या. त्यांच्यासाठी तो दोन वर्षं खपला होता.

शेवटच्या प्रवेशातलं एक पद मात्र त्याला काही केल्या सुचेना. नावाडी गप्प बसून नाव शेवटची बांधतो आणि मागून कुणीतरी त्याच्या मनातलं गातं, असा तो प्रवेश. तारीख जवळ आली तेव्हा श्रीरंगानं ते पद आपल्या गुरुबंधूकडं, दिगंबराकडं दिलं. दिगंबरानं ते एका दुपारी बांधून आणलं आणि गाऊन दाखवलं. गाणारही तोच, असं सगळ्यांनी तिथंच ठरवून टाकलं.

श्रीरंगाचं दुखणं त्या दुपारी सुरू झालं.

“लोकांना आवडतोय का?” बुवांनी विचारलं.

“काय?”

“ऑपेरा.”

“आवडतोय.”

“सगळा?”

…

“त्यांना तेवढं एक पद आवडतंय, बुवा. नेपथ्याच्या फळ्या ठोकणारे सुतार तेच गुणगुणतात. चहावाला तेच. तालमीत वन्समोअर आला. ऑपेरात वन्समोअर घ्यायचा नाही असं मी सगळ्यांना बजावून ठेवलंय, आणि तरी आमचे वाद्यवालेच ओरडले.”

“दिला?”

“दिगंबरानं माझ्याकडं पाहिलं. मी होकारार्थी मान हलवली. काय करणार?”

“हं.”

“परवा घरी गेलो. बायको कणीक मळत होती. तीही तेच.”

“मग?”

“दोन वर्षं ती माझ्या चाली ऐकतेय. एकही कधी कणकेपर्यंत गेली नाही.”

बुवा हसले नाहीत. खरं तर हसण्यासारखंच होतं, पण सांगणाऱ्याच्या तोंडाकडं पाहिलं असतं तर कुणालाच हसू आलं नसतं. श्रीरंगाला दिगंबराचा हेवा वाटत होता. थोडाथोडका नाही, जेवताना घास अडकावा इतका. पण हुशार माणसाला हेवा वाटला की तो त्याचं वेगळं बारसं करतो. श्रीरंगानं आपल्या हेव्याचं नाव ‘एकसंधपणा’ ठेवलं होतं.

“एकसंधपणा राहत नाही, बुवा. माझ्या बांधणीत ते पद ठिगळासारखं दिसतं.”

“ठिगळाला वन्समोअर आला?”

श्रीरंग थोडा पुढं सरकला.

“शनिवारी पहिला प्रयोग आहे. तुम्ही एक शब्द टाका. तुमचा शब्द दिगंबर मोडणार नाही.”

आता खरं बाहेर आलं. यासाठीच तो एस.टी.नं उन्हातान्हाचा आला होता. पद कापायचं होतं, पण सुरीला हात बुवांचा हवा होता.

“आणि त्या जागी काय?”

“मी बांधलंय. त्याच शब्दांना.”

“सुचलं?”

“सुचलं.”

“केव्हा?”

“त्याचं ऐकल्यावर.”

…

बुवा फुलं ओवत राहिले. बाहेर घाटावर कुणीतरी धुणं आपटत होतं.

“आणि त्यात विशेष काय आहे?” श्रीरंग म्हणाला. “काही नाही. चढ्या सुरात गातो, एवढंच. काळी दोन. चढा सूर कानावर आला की लोक माना डोलावतात. मला ते येत नाही असं नाही. पण मी माझा सूर सोडत नाही. माझा सूर तुमचा आहे. काळी एक. तुम्ही दिलेला.”

“मी दिला?”

“पहिल्याच दिवशी. मी समोर बसलो, तुम्ही पट्टी दाबलीत आणि म्हणालात, इथं गा. विसरलात?”

“नाही,” बुवा म्हणाले. “विसरलो नाही.”

गाण्यात नसलेल्यांसाठी एवढं सांगायला हवं. प्रत्येक गाणाऱ्याचा आपला एक सूर असतो. पेटीच्या ज्या पट्टीवर त्याचा षड्ज, म्हणजे सा, सुखानं बसतो ती त्याची पट्टी. कुणाची पांढरी, कुणाची काळी. तिच्याखाली गायलं तर आवाज विझतो, तिच्यावर गायलं तर गळा ताणतो. तंबोरा लागला की आता कोण गाणार ते जाणकार डोळे मिटून सांगतात.

ओवरीच्या कोपऱ्यात बुवांची नाटकातली जुनी पायपेटी होती. तिच्या सगळ्या काळ्या पट्ट्या काळ्या होत्या, पहिली तेवढी बोटांनी झिजून तपकिरी झाली होती. शिष्य आले की आधी त्या पट्टीला हात लावून कपाळाला लावत आणि मग शिकायला बसत. ‘बुवांची पट्टी’ म्हणत तिला. श्रीरंगानं आजही आल्या आल्या हात लावला होता, आणि जरा दिसेल असा लावला होता.

पेटीच्या वर भिंतीवर एक फोटो. पगडी, शेला, हातात लाकडी तलवार. ते काशिनाथपंत. बुवांचे गुरुबंधू. एकाच कंपनीत दोघं होते. काशिनाथपंत नायक करायचे आणि बुवा नायकाचा मित्र. काशिनाथपंत तरणेच गेले. बुवा रोज देवासाठी एक हार करत आणि उरलेल्या फुलांचा लहानसा दुसरा करत. तो दुसरा या फोटोला.

श्रीरंगाची नजर तिथं गेली.

“तुमच्या वेळी असं नव्हतं.”

“कसं?”

“तुम्ही दोघं एकाच रंगमंचावर गायलात. टाळ्या त्यांना पडायच्या, असं लोक सांगतात. पण तुमच्या तोंडून मी त्यांच्याविषयी कधी वाकडा शब्द ऐकला नाही. इतकी वर्षं हार घालताय. हेवा म्हणून तुम्हाला ठाऊक नाही, बुवा. ती माणसंच वेगळी.”

“सुई बघ रे,” बुवा म्हणाले. “पडली.”

श्रीरंगानं चटईखालून सुई काढून दिली.

तेवढ्यात गोदाक्का चहा घेऊन आली. सत्तरीची बाई, पण कान तिखट. कप ठेवता ठेवता म्हणाली,

“श्रीरंगा, भाचीनं तुमच्या तालमीत ऐकलेलं एक गाणं मला फोनवर म्हणून दाखवलं. ‘जा बाई, जा चालत पैलाड, पाय तुझा ओला न होवो.’ तुमच्याच त्या नाटकातलं ना?”

श्रीरंगाच्या हातातला कप थांबला.

“हो, आक्का. आमच्याच ऑपेरातलं.”

“किती गोड रे. ज्याचं पोट त्या नावेवर, तोच म्हणतो, तुझे पाय भिजू नयेत. मला बाई रडूच आलं. तूच बांधलंस ना?”

…

बुवांची सुई फुलात अर्धी जाऊन थांबली होती.

श्रीरंगाला नाही म्हणता आलं असतं. एक शब्द होता. पण ही बाई त्याच्याकडं ज्या डोळ्यांनी पाहत होती, त्या डोळ्यांनी दोन वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं. त्यानं चहाचा घोट घेतला.

“ऑपेरा म्हणजे सगळ्यांचंच असतं, आक्का,” तो म्हणाला.

“गुणाचा गं बाई माझा,” म्हणून ती उंबऱ्याशी जाऊन तांदूळ निवडायला बसली.

बुवांची सुई पुढं गेली.

चहा झाला. श्रीरंगाला आता कुणाला तरी नावं ठेवावीशी वाटत होती. दिगंबराला ठेवून झाली होती.

“कौस्तुभ पण त्रास देतोय,” तो म्हणाला. कौस्तुभ म्हणजे नावाड्याचं काम करणारा गायक. “तिसऱ्या अंकात त्याचा गळा बसतो. पंधरा दिवस झाले. डॉक्टर म्हणतात, गाऊ नको, बोलूही नको. शनिवारी तो उभा राहील का नाही, देव जाणे. नव्या पोरांत दम नाही.”

“पहिल्या दोन अंकांत?”

“तिथं ठीक असतो.”

“तिसऱ्यातच बसतो?”

“तिसऱ्यातच.”

बुवांनी हार मांडीवर ठेवला.

“तंबोरा काढ,” ते म्हणाले.

“आता?”

“तुझं नवं पद ऐकव. त्याच्या जागी घालणार आहेस ते.”

श्रीरंगाचा चेहरा खुलला. त्यानं कोपऱ्यातला तंबोरा उचलला, गवसणी काढली. तारा पार सैल होत्या.

“तारा उतरवलेल्या आहेत.”

“लाव.”

“लावतो.”

“पेटीवर सूर देऊ?”

“बुवा, थट्टा करता का? झोपेतून उठवलंत तरी काळी एक लावीन.”

“बरं.”

श्रीरंग मांडी घालून बसला. खुंटी पिळली, तार छेडली, पुन्हा पिळली. मधल्या दोन तारा एकमेकींत मिसळेपर्यंत मणी वरखाली केले. तंबोरा लावताना तो फार देखणा दिसे, हे त्याच्या वैऱ्यांनीही कबूल केलं असतं. डोळे मिटलेले, कान तारेला टेकलेला, आणि ओठांत काहीतरी चाललेलं. असं स्वतःशी गुणगुणत सूर शोधायची त्याची जुनी सवय होती.

खर्ज लागला. ओवरी भरून गेली.

“वा,” बुवा म्हणाले. “नेमका लागला.”

श्रीरंगानं गायला सुरुवात केली.

शब्द तेच. जा बाई, जा चालत पैलाड. चाल त्याची. आणि चाल वाईट नव्हती, हेही सांगायला हवं. विचार करून बांधलेली होती. जिथं दिगंबर सरळ जात होता तिथं श्रीरंग वळण घेऊन जात होता, आणि वळण अवघड होतं. तो अंतऱ्यावर आला. ‘पाय तुझा’ वर चढत गेलं… आणि तारसप्तकातल्या गंधारावर त्याचा आवाज फाटला.

तो थांबला. खाकरला.

“एस.टी.त खिडकीशी बसलो होतो. वारा लागला.”

“पुन्हा घे.”

पुन्हा घेतला. गळ्याच्या शिरा वर आल्या. गंधाराशी पोचला आणि पुन्हा फाटला. उंबऱ्याशी गोदाक्काचा तांदळातला हात थांबला.

“पाणी देऊ का रे?” ती म्हणाली.

“नको.” श्रीरंगाचा चेहरा उतरला होता. “आज घसा बसलाय, बुवा. एरवी इथपर्यंत मी हसत जातो. काळी एकमध्ये हा गंधार मला काहीच नाही.”

“ठाऊक आहे,” बुवा म्हणाले. “मीच शिकवलाय.”

…

“पेटी उघड.”

श्रीरंगानं तंबोरा टेकवून ठेवला आणि पेटीवरचं कापड काढलं. सवयीनं झिजलेल्या पट्टीला हात लावून तो कपाळाला नेला. मग पायानं भाता मारला आणि तीच पट्टी दाबली.

“आता तार छेड.”

त्यानं दुसऱ्या हातानं तार छेडली.

दोन सूर एकमेकांवर वसकन आले. गोदाक्कानं तोंड वाकडं केलं.

श्रीरंगानं पट्टी सोडली. क्षणभर विचार केला.

“पेटी उतरली आहे, बुवा.”

“असेल.”

“जुनी झाली. पितळेच्या पट्ट्या गंजल्या असतील आतल्या.”

“असतील. पुढची दाब.”

“पुढची?”

“पांढरी.”

श्रीरंगानं पांढरी दोन दाबली. तार छेडली. सूर जवळ आला, पण बोचतच राहिला.

“आता तिच्या पुढची.”

श्रीरंगाचं बोट तिथं जाईना. ते पांढऱ्या पट्टीवरच राहिलं.

“दाब, श्रीरंगा.”

त्यानं काळी दोन दाबली.

पेटीचा सूर तंबोऱ्यात असा गेला की पेटी वाजते आहे की तंबोरा, ते कळेना.

…

भाता हळूहळू रिकामा झाला आणि सूर बंद पडला. श्रीरंगाचा पाय पुन्हा हलला नाही. घाटावरचं धुणंही थांबलं होतं.

“हे कसं झालं?” तो म्हणाला. हे त्यानं बुवांना विचारलं नव्हतं.

“लावताना काय गुणगुणत होतास?”

“मी? काही नाही.”

“काही नाही कसं?” गोदाक्का उंबऱ्यावरून म्हणाली. “तेच की. जा बाई, जा चालत. मी म्हटलं, गाणार आहे तेच घोकतोय. मग गायलास भलतंच.”

श्रीरंगानं तिच्याकडं पाहिलं नाही.

“तिसरा अंक कधी बांधलास?” बुवांनी विचारलं.

“वर्षापूर्वीच.”

“आणि आता गाताय तो?”

“… तो पुन्हा बांधला. दिगंबराचं पद आल्यावर. तिसरा अंक फिका वाटायला लागला होता.”

“कशापुढं फिका?”

श्रीरंगानं पेटीवरून काढलेलं कापड उचललं आणि त्याची घडी घातली.

“कुठल्या सुरात बांधलास?”

“वाद्यवाल्यांनी विचारलं होतं,” श्रीरंग म्हणाला. त्याचा आवाज अगदी लहान झाला होता. “सगळं वर का घेतलं म्हणून. मी म्हटलं, प्रसंग चढा आहे. मला खरंच तसं वाटलं, बुवा. मी खोटं बोललो नाही. मला तसंच ऐकू येत होतं.”

“कौस्तुभचा सूर कोणता?”

…

“काळी एक.”

“हं.”

“मीच निवडला त्याला. माझ्याच सुराचा म्हणून निवडला.”

त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. पंधरा दिवस तो त्या पोराला सगळ्यांसमोर बोलत होता. दम नाही, रियाज नाही, खाण्यावर ताबा नाही. पोरगं मान खाली घालून ऐकायचं आणि पुन्हा त्याच गंधारावर जाऊन आपटायचं. श्रीरंगाला हे सगळं आता आठवत होतं, आणि त्याची त्याला लाज वाटत होती. दिगंबराच्या पदाचा एकही सूर त्यानं चोरला नव्हता. तो नुसता त्या पदाच्या घरात राहायला गेला होता, आणि जाताना कौस्तुभला ओढत घेऊन गेला होता.

बुवांनी हार पुन्हा हातात घेतला. चारदोन फुलं उरली होती.

श्रीरंग उठला. ओवरीच्या बाहेर, पायरीवर जाऊन त्यानं आपल्या एका वाद्यवाल्याला फोन लावला. आतून सगळं ऐकू येत होतं.

“कोण, सुहास? हां, मीच. तिसरा अंक पहिला होता तसा घ्यायचा. हो, खालचा. जुन्या प्रती काढा… हो, माझं चुकलं. कौस्तुभला सांग, उद्या येऊ नको, झोप काढ. आणि त्याला सांग…”

तिथं तो थांबला.

“नको. त्याला मीच सांगेन.”

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. श्रीरंग नदीकडं बघत राहिला. या प्रश्नासाठीच तो इथवर आला होता, आणि आता त्याचं उत्तर त्यालाच द्यावं लागत होतं.

“नाही,” तो म्हणाला. “दिगंबराचं पद राहू दे. आहे तिथंच… माझं? माझं नको. ते काढून टाक.”

तो आत आला. बसला नाही. उंबऱ्याशी गोदाक्कासमोर उभा राहिला.

“आक्का, ते गाणं मी बांधलेलं नाही. ते दिगंबराचं आहे.”

गोदाक्कानं मान वर केली. तिनं त्याला निरखून पाहिलं. मघाशी तो गप्प का बसला, ते तिच्या ध्यानात आलं असावं.

“मग त्याला सांग हो,” ती म्हणाली. “म्हणावं, आक्काला रडू आलं.”

“सांगतो.”

हे वाक्य बोलायला त्याला कष्ट पडले. पण बोलल्यावर बरं वाटलं. पुष्कळ बरं वाटलं. आणि बरं वाटलं की श्रीरंग लगेच पहिल्यासारखा व्हायचा, तो त्याचा स्वभावच होता. तो तंबोरा घेऊन पेटीजवळ बसला आणि त्याचा चेहरा उजळला.

“बुवा, सुटलो.”

“सुटलास?”

“सुटलो. माणूस आपला सूर सोडून दुसऱ्याच्या सुरात गेला की त्याचा गळा तर जातोच, आजूबाजूच्यांचेही जातात. शनिवारी प्रयोगाआधी सगळ्या पोरांना हे सांगणार आहे मी.”

बुवांनी शेवटचं फूल ओवलं आणि दोऱ्याला गाठ मारली.

श्रीरंगानं खुंट्या सैल केल्या. या वेळी त्यानं ओठ घट्ट मिटले होते. पेटीचा भाता मारून झिजलेली पट्टी दाबली, कान तारेला लावला आणि जपून, थेंबाथेंबानं तारा वर आणल्या. मधल्या तारांचा जोड मिळाला. मग पंचम. मग खर्ज. तंबोरा बोलू लागला, शांत, भरलेला, जराही न ताणलेला. श्रीरंगाचे डोळे भरून आले. पेटीकडं हात नेऊन त्यानं त्या तपकिरी पट्टीला पुन्हा स्पर्श केला आणि बोटं कपाळाला लावली.

“घरी आलो, बुवा,” तो म्हणाला. “हा खरा. आपला. आपली काळी एक.”

जनूबुवा गुडघ्यावर हात टेकून उठले. लहान हार घेऊन ते पेटीपाशी गेले. काशिनाथपंतांच्या फोटोवरचा कालचा हार काढला, आजचा घातला आणि तो दोन्ही बाजूंनी सारखा केला. काच धोतराच्या सोग्यानं पुसली. तंबोरा वाजत होता. ते तसेच, श्रीरंगाकडं पाठ करून उभे राहिले…

“आपली कुठली, श्रीरंगा,” ते म्हणाले. “काळी एक यांची.”